ठिपक्यांची साडी आणि तीन पिल्लं

अकोटचा कापडबाजार संपून जिनिंगची भिंत सुरू होते, तिथं त्या भिंतीलाच टेकून चार टिनांचं एक शेड होतं. आत दोन स्टोव्ह, रंग उकळायचे तीन मोठे गंज, वेळूच्या काड्या, रंगांचे डबे आणि एक उंच स्टूल. हे शेड रईसाचं. ओढणी, अस्तर, परकर, फॉल, जे म्हणाल ते ती रंगवून द्यायची. गिऱ्हाइकानं चिंधी पुढं केली की ती आधी ओली करायची, बाहेर उन्हात धरायची आणि डोळे बारीक करून पाहायची. ओला रंग खोटं बोलतो, वाळला की एक पायरी खाली उतरतो, हे तिला तिच्या नवऱ्यानं, बशीरनं शिकवलं होतं. बशीरला जाऊन सात वर्षं झाली होती. मुलगी इफ्फत बाळापूरला दिलेली. घरी रईसा एकटी आणि दुकानात तिची बोटं, जी नखाच्या टोकावर रंगाची पूड घेऊन एवढी आणि एवढीच गंजात टाकायची. अंजनगाव-तेल्हाऱ्याहून बायका एसटीनं तिच्याकडं मॅचिंगला यायच्या.

ही बाई कशाकशाला भ्यायची त्याची यादी करायची तर लांबेल. विजेला भ्यायची, पोलिसाला भ्यायची, सरकारी कागदाला भ्यायची. पण सगळ्यात जास्त कुत्र्याला. नऊ वर्षांची असताना तेल्हाऱ्याला एका कुत्र्यानं तिची पोटरी फोडली होती, आणि मग चौदा दिवस तिची आई तिला एसटीत घालून अकोल्याला नेत होती. बेंबीभोवती चौदा सुया. पन्नाशी आली तरी रस्त्यानं कुत्रं दिसलं की तिचा हात आपोआप पोटावर जायचा. उंच स्टूल त्यासाठीच होतं. शेडसमोरून कुत्रं गेलं की ही स्टुलावर.

समोर, रस्त्यापलीकडं मैना बसायची, पिको-फॉलचं मशीन घेऊन. ती म्हणायची, "भाभी, तुमी त्या स्टुलावर चढल्या का मले वाटते आता भाषण होते."

"हास तू," रईसा वरूनच म्हणायची. "तुले चावलं नाई नं कदी."

"मले माह्या सासूनं चावलं हाय. कुत्र्याचं काय घेऊन बसल्या."

ती वर्षं वाईट होती. कापसाला भाव नव्हता, जिनिंगची अर्धी यंत्रं बंद, आणि बाजारात लग्नाची खरेदी करायला येणारी माणसं आधी भाव विचारून मग चपला काढत. नव्या साड्या कमी खपायला लागल्या, जुन्या रंगवून घेणं वाढलं. हिरवी किंवा लाल साडी घेऊन येणाऱ्या आणि ती काथ्या रंगात बुडवून द्या म्हणणाऱ्या बायकाही वाढल्या. रईसा त्यांना कारण विचारायची नाही. त्या दिवशी फक्त साडी दोनदा खळबळून धुवायची, फवारणीच्या औषधाचा वास जावा म्हणून.

अशा दिवसांत नवं काही रंगवून घेणारी एकच बाई उरली होती, ती म्हणजे बेबीताई. जिनिंगचे मालक गोवर्धनशेठ, त्यांच्या ह्या मंडळी. पन्नास-बावन्नच्या, उंच, गोऱ्या, दोन मुलं पुण्याला. साडी, ब्लाउज, परकर, बांगड्या, टिकली, पर्स, चपलेचा पट्टा, सगळं एका रंगाचं. रुमालसुद्धा. मॅचिंग अर्ध्या पायरीनं जरी हुकलं तरी बेबीताईंना तो डाग आख्ख्या खोलीत एकट्यांनाच दिसायचा. त्या बोलायच्या पुस्तकी, पुण्याच्या मुलांकडून उचललेलं. राग आला की मात्र खाली वऱ्हाडी निघायची. आणि शेडच्या मागची भिंत त्यांची होती. भिंतीचा शेडला आधार होता, तो कुणी कागदावर दिलेला नव्हता. बेबीताईंचं काम पाहून गोवर्धनशेठनं डोळेझाक केली होती, एवढंच. हे रईसाला रोज सकाळी टिनाचं दार उघडताना आठवायचं.

दोन वर्षांपूर्वीच्या हळदीकुंकवाला बेबीताईंनी गुलाबी साडी घेतली होती, आणि त्यांना त्यांची डॉलीही गुलाबी हवी होती. डॉली म्हणजे पांढरं, केसाळ, पामेरियन जातीचं कुत्रं. "रईसाबी, हिलाही त्याच गंजात घाल. कोमट करून," त्या म्हणाल्या होत्या. रईसाच्या तोंडचं पाणी पळालं. एक तर कुत्रं, त्यात ते बेबीताईंचं. ड्रायव्हर देवीदासनं डॉलीला दोन्ही हातांनी धरलं आणि रईसानं लांबून मग्ग्यानं रंग ओतला.

चूक झाली ती तिथं. खायचा रंग घातला असता, जिलबीवाल्याकडून आणलेला, तर तो चार दिवसांत उतरला असता. पण डॉली बेबीताईंच्या मांडीवर बसणार, साडी नवी, तिला रंग लागला तर बोल रंगरेजावर. बशीर म्हणायचा, आपल्या हातचा रंग दुसऱ्याच्या कपड्याला लागला की समजायचं आपला धंदा उठला. म्हणून रईसानं रंग पक्का केला. कापसाच्या कापडाला करतात तसाच, सगळी रसायनं घालून. हळदीकुंकवाला सगळ्या महिला मंडळानं डॉलीला हात लावून पाहिला. कुणाच्याच हाताला रंग आला नाही. पेपरात फोटो आला. डॉली मात्र दिवसभर स्वतःला चाटत होती, आणि पाचव्या दिवशी मेली.

बेबीताई म्हणाल्या, कुणीतरी विष घातलं. जिनिंगचा चौकीदार भगवंत, ज्याला डॉली भुंकायची म्हणून आवडायची नाही, त्याला काढून टाकलं. तो बायको-लेकरं घेऊन सुरतेला गेला. रईसाला कळलं होतं कशानं झालं ते. तिनं तोंड उघडलं नाही. भिंत आठवली आणि तोंड मिटलं ते मिटलंच.

मग बेबीताई बदलल्या. सगळ्या अकोटनं पाहिलं. मॅचिंग बंद, पांढरी सुती साडी, कपाळाला बारीक टिकली. भूतदया मंडळ काढलं, जिनिंगच्या आवारात गावठी कुत्र्यांना रोज स्टीलच्या वाडग्यात दूध सुरू केलं. सरकीच्या गोदामात एक पांढरी कुत्री राहायची, कुणालाही जवळ येऊ न देणारी. तीही दीड वर्षात बेबीताईंच्या हातचं खायला लागली. मैना म्हणायची, "बाई सुधरली बावा." रईसा काडीनं गंज ढवळत राहायची. तिचं बेबीताईंकडचं काम बंद पडलं होतं, आणि तिला वाटायचं की हीच आपली शिक्षा, हलकीच आहे.

जानेवारीत एक दिवस सकाळी दहाला जीप शेडसमोर थांबली. देवीदासनं एक वेताची टोपली आणून आत ठेवली. वर टॉवेल होता आणि टॉवेल हलत होता. रईसा स्टुलावर गेली.

बेबीताई मागून आल्या. ओठांना लाली होती. दोन वर्षांत पहिल्यांदा.

"घाबरू नकोस गं. पिल्लं आहेत. गोदामातल्या पांढरीची. तीन." त्यांनी टॉवेल काढला. महिन्याभराची तीन पांढरीफेक पिल्लं एकमेकांच्या अंगावर झोपली होती. मग त्यांनी पर्समधून कापडाचा एक तुकडा काढला. पांढरं शिफॉन, त्यावर काळे ठिपके, रुपयाएवढे. "उद्या अमरावतीला स्पर्धा आहे. एका हॉटेलच्या लॉनवर. आपण आणि आपला पाळीव प्राणी, दोघांनी चालायचं. सगळ्या बायका एकेक कुत्रं आणतील. मी तीन नेणार, आणि तिन्ही माझ्या साडीसारखी. कळलं? ठिपके असेच. इतकेच मोठे. इतकेच काळे."

रईसाला कळलं. तिचा हात पोटावर होता.

"ताई, मंडळ… भूतदयेचं…"

"मंडळाच्या वतीनंच जातेय मी. गावठी पिल्लं कुणी मांडीवर घेतं का? मी घेणार. हीच तर दया." त्या हसल्या, पण डोळे रईसाच्या मागच्या भिंतीकडं होते. त्या भिंतीवर कुठे ओल आहे ते पाहत असाव्यात तशा. "आणि रंग मागच्या वेळेसारखा. हाताला लागता कामा नये. पाच वाजता मी येते."

जीप गेली. टोपली राहिली.

बराच वेळ रईसा स्टुलावरच होती. तीन पिल्लांपैकी एकानं जांभई दिली, त्याचे दात तिला दिसले, तांदळाच्या दाण्याएवढे. तिनं पाय आणखी वर घेतले. बेबीताईंचं मॅचिंग परत आलं होतं, म्हणजे काम पुन्हा सुरू होणार होतं. नाही म्हटलं तर शेड जाणार. हो म्हटलं तर पाच दिवस. या पिल्लांना पाच दिवससुद्धा लागणार नाहीत, ती डॉलीच्या चौथाईएवढी होती.

कामाची माणसं भ्याली की काम करायला लागतात. मशिदीमागच्या दोन घरांतले चार बुरखे काळे करायला आले होते, विटून राखाडी झालेले. रईसा टोपलीला वळसा घालून उतरली आणि तिनं मोठा गंज चढवला. काळा, पक्का. वाफ वर आली. काडीनं ढवळताना तिच्या ध्यानात आलं की गंजात रंग आहे तेवढा बुरख्यांना लागून उरेल. तीन पिल्लांना पुरेल. हे तिच्या हातांनी आधीच मोजलं होतं, तिला न विचारता. तेव्हा ती खरी हादरली. तिनं काडी सोडली आणि मैनाला हाक मारली.

मैना मशीनवरून उठून आली, टोपलीत डोकावली. "अवं माय. कोणाचे हे?"

रईसानं सांगितलं. ठिपके, स्पर्धा, पाच वाजता. आणि मग, मैनानं न विचारताच, डॉलीचंही सांगितलं. रंग कसा पक्का केला, का केला, भगवंतचं काय झालं. दोन वर्षं पोटात राहिलेलं दोन मिनिटांत बाहेर आलं. ती सांगत होती गंजाकडं पाहत.

मैनानं टोपलीवर टॉवेल परत घातला.

"भगवंताची बायको माह्या वस्तीतली," ती म्हणाली. "जाताना माह्या घरी गाडगी-मडकी ठेवून गेली. अजून हायत."

"मले माहीत हाय."

"तुमाले लय माहीत रायते, भाभी." मैनानं पदर खोचला. "ते आपण मंग बोलू. आता सांगा, ठिपकेच पायजेत नं? काजळाचे देऊ. घरचं काजळ हाय माह्याजवळ, एरंडाच्या तेलाचं. लेकराच्या डोळ्यात घालतो आपण, कुत्र्याच्या अंगाले काय होते?"

"हाताले लागीन ते."

"लागू द्या नं. उद्याच्या दिवसाचं तं हाय."

मैना काजळ आणायला घरी गेली आणि रईसाच्या जिवात थोडा जीव आला. तो फार वेळ टिकला नाही. दाराशी कसलीतरी सावली पडली. ती वळली तर उंबऱ्यावर गोदामातली पांढरी उभी होती. जीपचा वास घेत आली की पिल्लांचा, कोण जाणे. थानं दुधानं तटलेली, अंग धापेनं हलणारं. ती भुंकली नाही. तिनं ओठ वर केला फक्त.

रईसाच्या आणि दाराच्या मध्ये कुत्री. कुत्रीच्या आणि पिल्लांच्या मध्ये रईसा. मागं भिंत, बाजूला उकळता गंज. स्टूल दारापाशी, कुत्रीच्या अगदी शेजारी. पिल्लांना आईचा वास आला आणि तिन्ही एकदम कुंईकुंई करायला लागली. कुत्री एक पाऊल आत आली. रईसानं हाताला लागेल ते, दाराची आडवी फळी, पुढं ढकलली. फळी गुडघ्याएवढी. तिच्या अलीकडं रईसा नि टोपली, पलीकडं कुत्री, आणि फळीवरून एकमेकींकडं पाहत दोघी उभ्या. किती वेळ ते तिला सांगता आलं नाही. मैना पुढं म्हणायची, पाव तासात आली मी. रईसाला तो आख्खा दिवस वाटला.

मैनानं कुत्रीला शिळी भाकर टाकली. कुत्रीनं हुंगलीसुद्धा नाही. मैना फळी ओलांडून आत आली, मांडी घालून बसली आणि एकेक पिल्लू उचलून काजळाचे ठिपके द्यायला लागली. रईसा भिंतीला चिकटून सांगत होती, "तो मोठा झाला. तो जरा बाजूले." भीतीतही तिचे डोळे काम करत होते. दोन पिल्लं झाली. दिसायला ठीक होती, जरा तीट लावलेल्या लेकरांसारखी.

"तिसऱ्याले घेऊ आता," मैना म्हणाली तेवढ्यात जीप वाजली. दोनही वाजले नव्हते.

बेबीताई ती साडी नेसूनच आल्या होत्या. पांढरं शिफॉन, काळे ठिपके, काळे मणी, काळी पर्स. "अंगावर असल्याशिवाय ठिपक्याचा आकार कळत नाही, म्हटलं पाहूनच…" त्या कुत्रीच्या बाजूनं, तिला "सर गं" म्हणत, फळी ओलांडून आत आल्या. कुत्रीनं त्यांना येऊ दिलं. शेपूटही हलवली. तिच्या लेखी ही दुधाचं वाडगं आणणारी बाई होती.

त्यांनी एक पिल्लू उचललं, लांब धरलं, मान तिरकी करून पाहिलं. चेहरा उजळला. मग त्यांनी अंगठ्यानं एक ठिपका घासला. अंगठा काळा झाला.

"हे काय आहे?"

मैनानं काजळाची डबी पदराआड घेतली.

"रईसाबी, तुला विचारून राहिली मी. हे काय हाय?"

रईसा तेव्हा गंजापाशी होती. हाताला काम हवं म्हणून तिनं काडीनं एक बुरखा उचलला होता, निथळायला. तो काडीवर लटकत होता, वाफाळता, काळा. ती म्हणाली, "काजळ हाय, ताई."

"काजळ उद्या अमरावतीपर्यंत टिकते?"

"नाई टिकत."

"मंग?"

रईसाला आपला आवाज दुसरीकडून ऐकू आला. "ताई, डॉलीले कोणी विष नव्हतं घातलं. माह्या रंगानं मेली ते. मी पक्का केला होता. चाटून चाटून मेली. भगवंताचा काईच दोष नव्हता."

ती वाट पाहत राहिली, आता काय कोसळतं त्याची. बेबीताईंनी पिल्लू टोपलीत ठेवलं. पर्समधून रुमाल काढून अंगठा पुसला, सावकाश, साडीपासून लांब धरून.

"मले माहीत हाय," त्या म्हणाल्या. "डॉक्टरनं त्याच दिवशी सांगतलं होतं."

मैनाच्या हातातली काजळाची डबी खाली पडली.

"माहीत होतं?" रईसानं विचारलं.

"काय करायचं होतं मंग मी? सगळ्या मंडळाले सांगायचं होतं, का मीच मारलं म्हून?" मग त्यांनी आवाज गोड केला, पुन्हा पुस्तकी. "हे बघ, जे झालं ते झालं. डॉली पाच दिवस जगली होती. मला उद्याचा एकच दिवस पाहिजे. काळा तयार आहे तुझ्याकडे, मला दिसतोय. घाल."

रईसाला आजवर जेवढ्या गोष्टींची भीती वाटली होती, त्यांत ह्या बाईच्या रागाची भीती होती. रागाचं एक बरं असतं, तो उतरतो. समोर राग नव्हताच. नखावर पूड मोजावी तसं हिनं मोजलं होतं, पाच दिवस, एक दिवस, तीन पिल्लं. तासाभरापूर्वी आपल्याच हातांनी मोजलं होतं तसंच. हे ध्यानात आलं आणि रईसाचे हात थरथरायला लागले. काडी हलली, बुरखा हलला, आणि काळे थेंब फरशीवर टपटप पडले. त्यातला एक बेबीताईंच्या पायापासून वीतभर अंतरावर.

बेबीताई मागं सरकल्या. निऱ्या दोन्ही हातांनी वर उचलल्या.

"अवं, सांभाळ नं. शिफॉन हाय हे."

रईसानं ते पाहिलं. मैनानंही पाहिलं, आणि तिनं पायानं हळूच आडवी फळी बाजूला केली.

पांढरी आत आली. ती रईसाच्या घोट्याला घासून गेली, तिचे केस, तिची ऊब, सगळं रईसाला कळलं, पोटातल्या चौदाही सुयांच्या जागा एकदम कळल्या. पण काडी तिनं खाली केली नाही, कारण बोटं उघडतच नव्हती. कुत्रीनं टोपलीत तोंड घातलं, एका पिल्लाला मानेला धरलं, आणि निघाली.

"देवीदास," बेबीताईंनी हाक मारली. "टोपली घे. गाडीत ठेव."

देवीदास दारात येऊन उभा राहिला. पांढरा शर्ट, पांढरी पँट, ताईंनीच ठरवून दिलेली. तो बुरख्याकडं पाहत होता. "ताई, अंगावर उडीन माह्या."

"तुह्या अंगावर उडून काय होते? घे म्हणते नं."

"डॉलीले मीच धरलं होतं," देवीदास म्हणाला. जागचा हलला नाही.

कुत्री परत आली. दुसरं नेलं. गोदाम काही लांब नव्हतं, भिंतीच्या टोकाला वळलं की दार. बेबीताई एक पाऊल पुढं आल्या, रईसाचा हात आणखी थरथरला, थेंब उडाले, बेबीताई मागं. पुन्हा पुढं, पुन्हा मागं. रईसा त्यांना भीती घालत नव्हती. ती भ्यालेली होती आणि तेवढंच तिच्याकडं होतं.

तिसऱ्या खेपेला कुत्री आली नाही. दोन पिल्लांना घेऊन ती तिकडंच पाजायला बसली असेल. टोपलीत ते तिसरं, ठिपके न दिलेलं, कोरं पांढरं, एकटं ओरडत होतं. बुरखा निथळत आला होता. थेंबांमधलं अंतर वाढत होतं. ते बेबीताईंनाही दिसत होतं. ओला रंग ठिबकायचा केव्हा थांबतो हे त्यांनाही आता रईसाइतकंच कळत होतं.

"मैना," रईसा म्हणाली, "हे धर."

मैनानं काडी घेतली, बुरखा गंजात बुचकळला आणि पुन्हा वर धरला. रईसा टोपलीपाशी वाकली. आयुष्यात तिनं कुत्र्याला हात लावला नव्हता. पिल्लाचं पोट गरम होतं आणि आत काहीतरी भराभर धडधडत होतं, तिच्या स्वतःच्या छातीत धडधडत होतं तेवढ्याच जोरात. त्यानं तिचा अंगठा तोंडात घेतला. ती किंचाळणार होती, पण तेवढा वेळ नव्हता. तिनं ते ओढणीत गुंडाळलं आणि बेबीताईंच्या समोरून, देवीदासच्या बाजूनं बाहेर पडली.

भिंत संपेपर्यंत शंभरएक पावलं असतील. कापडबाजारातली माणसं पाहत होती, रंगरेजीण डोकं उघडं टाकून, हातभर लांब काहीतरी धरून पळते आहे. गोदामाच्या दारात अंधार होता, सरकीचा उग्र वास होता, आणि आतून गुरगुर आली. ती थांबली. पुढं जायला पाय तयार नव्हते, आणि मागं जीप. ती तशीच खाली बसली, ओढणी जमिनीवर ठेवली आणि सरपटत मागं झाली. पिल्लाची नखं ओढणीत अडकली होती. कुत्री आली, तिच्याकडं दात काढून एकदा पाहिलं, आणि पिल्लू ओढणीसकट आत ओढत नेलं.

रईसा शेडात परत आली. मैना काडी धरून तशीच उभी. देवीदास जीपमध्ये बसला होता. बेबीताई स्टुलावर बसल्या होत्या, आणि निरीची एक घडी दोन बोटांत धरून उजेडाला पाहत होत्या. काळ्या ठिपक्यांच्या मधोमध, जिथं पांढरं असायला हवं होतं तिथं, मोहरीएवढा एक थेंब.

"निघते काय गं हे?" त्यांनी विचारलं. आवाज लहान झाला होता.

रईसानं जवळ जाऊन पाहिलं. सवयीनं घडी हातात घेतली, बोटानं चोळली. "नाई निघत, ताई."

"दिसते काय पण?"

एवढ्या ठिपक्यांत कुणालाच दिसलं नसतं. रईसाला ते माहीत होतं, आणि बेबीताईंना उद्या लॉनवर दुसरं काहीच दिसणार नाही हेही माहीत होतं. "दिसते," ती म्हणाली.

बेबीताई अमरावतीला गेल्या नाहीत, असं देवीदासनं नंतर सांगितलं. शेडचं मात्र लगेच काही झालं नाही. अकरा दिवस रईसा रोज सकाळी गल्लीच्या वळणावर थांबायची, एक श्वास घ्यायची आणि मग वळायची. त्या अकरा दिवसांत मैनानं तिला सुरतेचा पत्ता आणून दिला आणि समोर बसवून भगवंतला कागद लिहायला लावला. रईसाला मराठी नीट लिहिता येत नव्हतं, मैना लिहीत गेली, ही सांगत गेली. मैनानं एक वाक्यही मऊ केलं नाही. कागद पेटीत टाकताना रईसानं विचारलं, "तो पोलिसात गेला तं?"

"गेला तं गेला," मैना म्हणाली. "तुमी आता मागं फिरणार हायत काय?"

बाराव्या दिवशी वळणावरून पहारीचा आवाज आला. जिनिंगची दोन माणसं टिन उचकटत होती. रईसा तिथंच भिंतीला टेकून थोडी उभी राहिली. मग पुढं गेली आणि म्हणाली, "थांबा बावा, आधी गंज काढू द्या. त्यात रंग हाय, अंगावर घ्याल."

ती माणसं तिला गंज धरू लागली. रस्त्याच्या पलीकडं, मैनाच्या मशीनशेजारी, कडुनिंबाखाली सगळं मांडून झालं. तेल्हाऱ्याहून आलेली एक मुलगी ओढणी आणि मोरपंखी चिंधी घेऊन मघापासून उभी होती. रईसानं चिंधी ओली केली. इथं झाडाची सावली होती, रंग कळेना. ती मुलीला घेऊन रस्त्याच्या मधे उन्हात गेली, डावीउजवीकडं दोनदा पाहून, चिंधी वर धरून.